टिलरचा क्लच ‘हेवी’ घ्यावा का?



रोवणीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या उपटून ठेवल्या आहेत, अठरा बायका पदर खोचून उभ्या आहेत, आणि चिखल करणारा पॉवर टिलर बांधीच्या मध्यावर अडकला आहे. इंजिन गुरगुरते आहे, धूर सोडते आहे, पण चाके फिरत नाहीत. गेल्या जुलैत आमच्या गटावर हीच पाळी आली. उपटलेले पऱ्हे फार वेळ उन्हात ठेवता येत नाहीत. 21 ते 25 दिवसांचे पऱ्हे रोवायचे, ते महिन्याच्या पुढे गेले की फुटवे कमी धरतात. आणि बांधी तयार नाही म्हणजे रोवणी नाही, रोवणी नाही म्हणजे त्या अठरा जणींची त्या दिवसाची मजुरी नाही. यंत्राच्या पोटातल्या काही चकत्यांवर एवढे सगळे टांगलेले असते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

त्या चकत्यांचा जो जुडगा असतो त्याला क्लच म्हणतात. आज त्याच्याबद्दल बोलायचे आहे. तो काय करतो, यंत्र घेताना कोणता पाहून घ्यावा, आणि दुकानात कोणी ‘हेवी प्लेट टाका, ताकद वाढते’ म्हटले तर त्याला उलट काय विचारावे. यंत्राच्या गोष्टी निघाल्या की आपण चहा ठेवायला उठतो. पण आता अवजारे गटांच्या नावावर येतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची 9 ते 18 अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरची योजना आहे, तिच्यात 90 टक्के अनुदान आहे. कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनेतून पॉवर टिलरही मिळतात. यंत्र आपल्या नावावर आले की दुरुस्तीचे बिलही आपल्याच नावावर येते.

आधी आमचे काय झाले ते सांगतो. टिलर थांबला तसा गावातल्या एका भाऊने फोन करून मिस्त्री बोलावला. त्याने दांडी ओढून पाहिली, वास घेतला आणि म्हणाला, “क्लच गेला जी ताई. हेवी प्लेटा टाकू, स्प्रिंगाही कडक टाकू, मग पाहा कसा ओढते ते.” आम्ही हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? प्लेटा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या, पैसे दिले. दोन दिवस टिलर चालला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसाच थांबला, आणि वरून नवेच दुखणे सुरू झाले. क्लचची दांडी इतकी कडक झाली की आमच्यातली जी टिलर चालवते तिचा हात संध्याकाळी भाकर थापायला वर होईना.

शेवटी शेजारच्या गावचे एक जुने मिस्त्री आले. त्यांनी एक नट खोलला नाही. इंजिन चालू करायला सांगितले, दांडी क्लच जोडलेल्या जागी ठेवायला सांगितली, आणि खाली बसून नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, “बाई, तुमचा पट्टा घसरते. क्लच नाही.”

ते काय म्हणत होते हे समजायला टिलरची रचना थोडी पाहावी लागेल. टिलरमध्ये इंजिन पुढे असते. इंजिनाच्या चाकावरून रबरी पट्टे मागच्या कप्पीवर जातात. त्या कप्पीच्या आत क्लच बसवलेला असतो. कप्पी क्लचला फिरवते, क्लच गिअरच्या पेटीला फिरवतो, तिथून जोर चाकांना आणि मागच्या रोटरीच्या पात्यांना जातो. म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाताना दोन ठिकाणी घसरू शकतो, आधी पट्ट्यावर, मग क्लचमध्ये. दोन्हीकडे लक्षण सारखेच दिसते. इंजिन जोरात, यंत्र जागेवर. दोन्हीकडे जळका वास येतो. फरक एकाच गोष्टीवरून कळतो. यंत्र अडकले असताना मागची कप्पी पाहा. इंजिनाचे चाक फिरते पण कप्पी अडखळते, थांबते, तर पट्टे घसरत आहेत. कप्पी भरभर फिरते आणि तरी चाके हलत नाहीत, तर मग क्लच. एवढे पाहायला मिस्त्री लागत नाही. पण हात लांब ठेवून पाहायचे. पदर, ओढणी, वेणी सगळे आवरून आणि चार हात दूर उभे राहून. पट्ट्यावरचे पत्र्याचे झाकण काढून ठेवायची सवय अनेकांना असते, ती मोडा.

आमचे पट्टे सैल झाले होते. इंजिनाचे बोल्ट सैल करून ते किंचित पुढे सरकवले, पट्टे ताणले, बोल्ट परत आवळले, आणि टिलर चालू लागला. पहिल्या दिवशी हे कोणी पाहिले असते तर प्लेटांचा खर्च वाचला असता, आणि रोवणीचे तीन दिवसही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. क्लच म्हणजे काय?

इंजिन सुरू असते तेव्हा ते फिरतच असते, त्याला थांबवून चालत नाही. पण चाकांना कधी थांबायचे असते, कधी हळूच निघायचे असते, कधी गिअर बदलायचा असतो. म्हणून फिरणारे इंजिन आणि थांबलेले चाक यांच्या मध्ये जोडणारे-सोडणारे काहीतरी हवे. तेच क्लच. एक चकती इंजिनाबरोबर फिरते, दुसरी चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर बसलेली असते. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात, आणि घर्षणाने दोघी एक होऊन फिरतात. आपण दांडी ओढली की स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि चकत्या वेगळ्या होतात. दांडी सोडताना थोडा वेळ त्या एकमेकींवर घासतात, हळूहळू वेग जुळतो, मग घासणे थांबते. क्लच झिजतो तो या घासण्याच्या वेळातच. पूर्ण जुळलेला क्लच दिवसभर ओढला तरी झिजत नाही, हे आम्हाला नवीन होते.

मग पकड किती, ते कशावर ठरते? चार गोष्टींवर. अस्तर किती खरखरीत आहे, स्प्रिंगा किती जोराने दाबतात, चकती किती मोठी आहे, आणि घासणाऱ्या बाजू किती आहेत. चौथी गोष्ट लोक विसरतात, आणि आमच्या मते बायकांनी तीच धरून ठेवावी.

हे पटायला एक करून पाहा. गटाच्या दोन वह्या घ्या, बैठकीची आणि हिशेबाची. एक दुसरीवर ठेवा आणि ओढा. सहज सुटतात. आता एकीचे पान, त्यावर दुसरीचे पान, असे दहा-वीस पाने एकमेकांत घाला आणि पुठ्ठे धरून ओढा. सुटत नाहीत. पाने तीच आणि वजनही तेवढेच, वाढल्या त्या फक्त एकमेकांना टेकणाऱ्या बाजू. किंवा पापडांच्या चळतीवर वरवंटा ठेवलेला आठवा. वजन एकच, पण ते वरच्या पापडापासून खालच्यापर्यंत प्रत्येकाला दाबते. ते वजन पापडांत वाटले जात नाही, सगळ्यांतून आरपार जाते.

अनेक चकत्यांच्या क्लचमध्ये हेच केलेले असते. एका प्रकारच्या चकत्यांना बाहेरच्या कडेने दाते असतात, त्या बाहेरच्या डब्याबरोबर फिरतात. दुसऱ्या प्रकारच्या चकत्यांना आतून दाते असतात, त्या मधल्या दांड्याबरोबर फिरतात. एक अशी, एक तशी, अशा त्या वहीच्या पानांसारख्या एकात एक बसवतात. अस्तराच्या एका चकतीला दोन घासणाऱ्या बाजू. तीन चकत्या असल्या तर सहा. तेवढ्याच दाबात, तेवढ्याच आकारात तिप्पट पकड. किंवा उलटे धरा, पकड तेवढीच हवी असेल तर स्प्रिंगांचा दाब एक तृतीयांश पुरतो, आणि आपल्या हाताला दांडी तितकीच हलकी लागते.

हे यंत्र अनेकींच्या अंगणात रोज उभे असते. घरच्या मोटारसायकलचा क्लच चार-पाच अस्तराच्या चकत्यांचा असतो, तेलात बुडवलेला. म्हणून तो दोन बोटांनी ओढता येतो. तुम्ही चालवता त्या स्कूटीला क्लचची दांडीच नसते. तिथे वेग वाढला की आतले तुकडे आपोआप बाहेर फेकले जाऊन डब्याला पकडतात. मोटारसायकलबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पुष्कळ घरांत ही चूक होते. तिच्या इंजिनात कारचे तेल घालू नका. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात. क्लच त्याच तेलात बुडलेला असतो, तो घसरू लागतो, आणि मग चांगल्या प्लेटांवर खर्च होतो.

आता जरा लांबची गोष्ट. जगातल्या फार ताकदीच्या शर्यतीसारख्या गाड्यांनाही अनेक चकत्यांचा क्लच लावतात. पोर्शे या जर्मन कंपनीने 2003 पासून काही वर्षे कॅरेरा जीटी नावाची गाडी बनवली. 612 अश्वशक्तीची. आपल्या टिलरचे इंजिन साधारण 13 अश्वशक्तीचे असते. पीळ देण्याचा जोर पाहिला तर त्या गाडीचे इंजिन टिलरच्या इंजिनाच्या पंधरा पट. एवढ्या जोरासाठी क्लच केवढा असेल? फक्त 169 मिलिमीटरचा, म्हणजे पावणेसात इंच, पुरीच्या थाळीपेक्षा लहान. दोन कोरड्या चकत्या, त्याही कार्बन मिसळलेल्या सिरॅमिकच्या. क्लच लहान झाल्याने इंजिन जमिनीच्या जवळ बसवता आले. पण ही गाडी जागेवरून हलवताना भल्याभल्यांच्या हातून बंद पडायची. अस्तर इतके पकडणारे आणि क्लच इतका हलका की सोडताना मधला हळूहळू जुळण्याचा भाग जवळजवळ राहतच नाही. एकदम पकडतो. शर्यतीच्या रस्त्यावर ते चालून जाते.

बांधीत ते चालत नाही, आणि ‘हेवी प्लेट’चा प्रश्न इथेच येतो. ट्रॅक्टरच्या दुकानात दोन तऱ्हेच्या प्लेटा मिळतात. एक साध्या अस्तराची, गोल पूर्ण पट्टी असलेली. दुसरी धातू आणि सिरॅमिक भाजून केलेल्या तुकड्यांची, जिला मिस्त्री बटण प्लेट म्हणतात. बटण प्लेट जास्त उष्णता सोसते, जास्त पकडते, जड ट्रॉली ओढणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरला ती योग्यही असते. पण ती झटक्याने धरते. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरवर क्लच झटक्याने सुटला तर मागची चाके जागेवर अडलेली असतात आणि सगळा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलण्यात जातो. ट्रॅक्टर मागे उलटून चालवणारा खाली सापडतो, ते पुष्कळदा असेच. मिनी ट्रॅक्टर हलका असतो, तो लवकर उचलला जातो. म्हणून कंपनीने ज्या ट्रॅक्टरला साधी प्लेट दिली आहे त्याला निव्वळ ‘ताकदीसाठी’ बटण प्लेट टाकू नये, असे आमचे मत झाले आहे. शिवाय क्लचने ताकद वाढत नाही. ताकद इंजिनाची असते. क्लच ती पोचवतो, एवढेच.

कडक स्प्रिंगेचेही तसेच. आमच्या टिलरला मिस्त्रीने कडक स्प्रिंगा टाकल्या तेव्हा पकड वाढलीच असणार, पण पट्टा घसरत असताना क्लचची वाढलेली पकड काय कामाची? आणि दांडीचे काय झाले ते सांगितलेच. जरा हिशेब करा. टिलरची रोटरी साधारण दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर रुंद. एक एकर म्हणजे 4000 चौरस मीटर धरा. एकदा चिखलणी करायला साडेसहा किलोमीटरपेक्षा जास्त चालावे लागते. आपल्या बांध्या लहान. वीस मीटर लांबीची बांधी असेल तर एका एकरात 333 वळणे. दोन पाळ्या केल्या तर साडेसहाशेच्या वर. हात बसलेली बाई प्रत्येक वळणाला मुख्य क्लच ओढत नाही, वेग कमी करून मुठीखालच्या वळणाच्या क्लचवर भागवते. तरी अर्ध्या वळणांना ओढावा लागला असे धरले तर एकरामागे सव्वातीनशे वेळा. दांडी किलोभरानेही जड झाली तर ते तिच्या खांद्याला विचारा.

मुठीखालच्या क्लचवरून आठवले. धुऱ्यावरून टिलर खाली उतरवताना तो उलटा वागतो. सपाटीवर डावी मूठ दाबली की यंत्र डावीकडे वळते. उतारावर डावे चाक मोकळे सुटून पुढे धावते आणि यंत्र उजवीकडे जाते. नवीन चालवणारीला हे आधी सांगा, उतारावर सांगायला वेळ नसतो.

क्लच घसरतो याची सगळे काळजी करतात. क्लच सुटत नाही याची कोणी करत नाही, आणि टिलरवर जास्त धोका त्याचाच आहे. अनेक चकत्यांच्या क्लचचा हा खरा दोष. मधली पोलादी चकती उष्णतेने वाकडी झाली, किंवा पावसाळाभर उभ्या टिलरमध्ये चकत्या गंजून चिकटल्या, तर दांडी ओढूनही त्या पूर्ण वेगळ्या होत नाहीत. एकच चकती असली तर वेगळे व्हायला दोनच बाजू असतात, इथे सहा. दांडी ओढलेली आहे, चालवणारी समजते की यंत्र थांबले, आणि रोटरीची पाती फिरतच राहतात, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर. म्हणून रोज सकाळी कामाला लागण्याआधी सपाट जागी रोटरी बंद ठेवून, गिअर टाकून, दांडी ओढून पाहायची. चाके पूर्ण थांबली पाहिजेत. सरपटली तर त्या दिवशी बांधीत उतरायचे नाही. आणि मागे घेताना रोटरी आधी बंद, मग मागचा गिअर. यात घाई नको.

मग प्लेटा खरेच गेल्या असतील तर काय घ्यायचे? बरोबरच्या. कंपनीच्या पुस्तिकेत जेवढ्या चकत्या लिहिल्या आहेत तेवढ्याच, तेवढ्याच जाडीच्या. डब्यात जागा मोजून दिलेली असते. चळत जाड झाली तर क्लच सुटत नाही, पातळ झाली तर स्प्रिंगा सैल पडून घसरतो. दोन नव्या आणि एक जुनी असा संसार मांडू नका, पूर्ण संच बदला. पोलादी चकत्या काचेवर ठेवून पाहा. कुठून उजेड दिसला किंवा डोलल्या तर वाकड्या आहेत. जागोजाग निळसर डाग असतील तर त्या भाजल्या आहेत. स्प्रिंगा सगळ्या ओळीत उभ्या करा. एखादी बुटकी निघाली तर सगळा संच बदलावा, एकच बदलली तर दाब एका बाजूला जातो. टिलरचा क्लच कोरडा असतो. त्यात तेल सापडले तर ते कुठल्या तरी सीलमधून गळत आहे. सील न बदलता नवीन प्लेटा टाकल्या तर त्याही महिन्यात तेलकट होतील. तेलकट अस्तर पेट्रोलने धुऊन बसवणारे मिस्त्री भेटतील. चार दिवस चालते.

आणखी एक, क्लच खोलल्यावर आत काळी भुकटी दिसते. तिच्यावर फुंकर मारू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस वापरत असत, ती भुकटी फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसून फडके फेकून द्या.

प्लेटा इतक्या लवकर का गेल्या, हे मात्र विचारल्याशिवाय नवीन बसवू नका. बहुतेक वेळा कारण दांडीत असते. दांडी ओढायला सुरुवात केल्यावर पहिला थोडा भाग ती मोकळी हलली पाहिजे, विनाजोर. ही मोकळी चाल नसेल तर दांडी सोडलेली असतानाही क्लच थोडा ओढलेलाच राहतो, आणि दिवसभर घासत जळतो. अस्तर झिजत गेले की ही चाल आपोआप कमी होते, म्हणून ती पुन्हा पुन्हा जुळवावी लागते. किती हवी ते पुस्तिकेत दिलेले असते. ट्रॅक्टरवर तेच काम पाय करतो. क्लचच्या पेडलवर पाय टेकवून बसायची सवय ज्याला आहे त्याला वर्षाला प्लेट लागते. भाड्याने चालक लावत असाल तर अर्धा तास त्याच्या पायाकडे पाहा, मग ठरवा.

आता जे गट यंत्र घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. टिलर असेल तर अनेक चकत्यांचा क्लच बहुधा मिळतोच, तिथे फार निवड नसते. ट्रॅक्टरमध्ये असते. एकेरी क्लच असला तर पेडल दाबताच चाकेही थांबतात आणि मागच्या दांड्यावर चालणारा रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्रही थांबते. दुहेरी क्लचमध्ये पेडल अर्धे दाबले की फक्त चाके थांबतात, अवजार फिरत राहते. पूर्ण दाबले की तेही थांबते. लहान बांधीत पुढे-मागे घेत रोटाव्हेटर चालवायचा असेल तर दुहेरीने काम सोपे जाते, पात्यांत चिखल आणि तण अडकून बसत नाही. पण पेडल जास्त लांब आणि जास्त जड असते. काही ट्रॅक्टरांत मागच्या दांड्यासाठी वेगळाच क्लच असतो, पुष्कळदा तेलातल्या अनेक चकत्यांचा, तो हाताच्या दांडीने चालतो. तो चांगला, पण त्याची दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीच्या हातची राहत नाही. नुसती ट्रॉली आणि नांगरटीपुरता ट्रॅक्टर घेणार असाल तर एकेरीवर जास्तीचे पैसे घालू नका.

दुकानात गेलात की गटातली सर्वांत किडकिडीत बाई पुढे करा. आम्ही चेष्टेने सांगत नाही. तिला सीटवर बसवा आणि क्लच वीस वेळा पूर्ण दाबायला सांगा. टिलर असेल तर दांडी वीस वेळा ओढायला सांगा. पहिल्या पाच वेळांत कोणालाच काही वाटत नाही. विक्रेता हसेल, हसू द्या. मग त्याला विचारा, या मॉडेलच्या प्लेटांचा संच जुलै महिन्यात गोंदियात मिळेल का, की नागपूरहून मागवावा लागेल? लेखी सांगणार नाही, पण उत्तर देतानाचा चेहरा पाहा. आणि चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांची प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे, 1955 पासून. अशाच संस्था हिसार, आंध्रातले गारलादिन्ने आणि आसामातही आहेत. अनुदानाच्या यादीतल्या यंत्राची चाचणी झालेली असते. त्या अहवालात क्लचचा प्रकार दिलेला असतो. इंग्रजीत असतो हे खरे, पण प्रत्येक गटात एखादी लेक आता ते वाचू शकते. बुदनीला यंत्र चालवण्याचे आणि दुरुस्तीचे वर्गही भरतात.

आपल्याकडे इटियाडोहाच्या कालव्याखाली किंवा बोअरवर उन्हाळी धान घेणाऱ्यांचे टिलर वर्षातून दोनदा चिखलात उतरतात. त्यातही कन्हार जमीन असेल तर चिखल पात्यांना सोडत नाही. अशांनी क्लच आणि पट्टे दोन्ही हंगामांच्या आधी खोलून पाहावेत, मे महिन्यात आणि डिसेंबरात, जेव्हा मिस्त्रीला वेळ असतो आणि भावही बोलता येतो. धुताना पाण्याची धार क्लचच्या कप्पीवर मारू नये. पाणी गेलेच तर उन्हात ठेवून, इंजिन चालू करून चकत्या दोन-चारदा जोडून-सोडून वाळवाव्यात. महिनोनमहिने उभा राहणार असेल तर महिन्यातून एकदा इंजिन चालू करून दांडी दहा-वीस वेळा ओढावी, म्हणजे चकत्या चिकटत नाहीत. ट्रॅक्टर उभा ठेवताना काही जण पेडल दाबून त्याला लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवतात, तेही याच कारणासाठी.

आमच्या टिलरमध्ये आम्ही मे महिन्यात पुन्हा कंपनीच्या मापाच्या स्प्रिंगा बसवल्या, पट्ट्यांचा पूर्ण जोड नवा घेतला आणि मोकळी चाल जुळवून घेतली. या रोवणीत तीन जणींनी आळीपाळीने टिलर चालवला, त्यातली एक पहिल्यांदाच. काढलेल्या कडक स्प्रिंगा गटाच्या पेटीत ठेवल्या आहेत. कोणाला पाहायच्या असतील तर बैठकीच्या दिवशी या, जुन्या-नव्या दोन्ही हातात दाबून पाहा.